भिजत घोंगडं

एखादं काम रखडलं की त्याचं 'भिजत घोंगडं' झालं म्हणतात. हा वाक्प्रचार मी शाळेत पाठ केला, निबंधात वापरला, ऑफिसात बॉसच्या पाठीमागे तर चिकार वेळा वापरला. पण खरंखुरं घोंगडं खरोखर भिजलं की काय होतं, ते कळायला २०२५ साल उजाडावं लागलं. रत्नागिरीत, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, मे महिन्यात. त्या गोष्टीकडे येतेच. आधी माझा पोपट कसा झाला ते ऐका.

झालं असं, की बाबा रिटायर झाले आणि आईबाबा गावातलं जुनं कौलारू घर काकांच्या हवाली करून थिबा पॅलेसच्या बाजूला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. लिफ्ट, चोवीस तास पाणी, दवाखाना जवळ. बाबांना दमा आहे, त्यामुळे दवाखाना जवळ हा मुद्दा निर्णायक. इन्टिरिअरचं काम अर्थातच मी अंगावर घेतलं. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलीला आपल्याला सगळं कळतं असं वाटायचा एक काळ असतो, तो माझा अजून संपलेला नव्हता.

माझा फंडा एकदम क्लिअर होता. प्लास्टिक नको, सिंथेटिक नको. सगळं नॅचरल, सगळं हातमागावरचं, सगळं सस्टेनेबल. २०२४ चा एप्रिलभर मी वीकेंडला एक्झिबिशन्स पालथी घातली. हॉलला अस्तर लावलेले रॉ सिल्कचे जाड पडदे. खाली तागाचा, म्हणजे जूटचा, जाडजूड रग. सोफ्याला ऑफ-व्हाइट हातमागाचं सुती कापड, कारपेंटरकडून फोमवर ताणून खिळवून घेतलेलं. त्यावर रंगाचा झटका हवा म्हणून खणाच्या उशा. बेडरूमला साधे सुती पडदे. सगळं लागल्यावर हॉल असा काही दिसायला लागला की मी चाळीस फोटो काढले.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "छान आहे गं. पण हे धुवायचं कसं?"

"ड्रायक्लीन," मी म्हटलं.

"बरं," आई म्हणाली. कोकणातल्या माणसाचं हे 'बरं' ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं कळलं असेल.

रत्नागिरीला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हा आकडा मला माहीत होता. माहीत असणं आणि डोक्यात असणं यात फरक आहे, एवढंच. जुलैत आईचे फोन सुरू झाले. आधी वास. मग "जरा डाग पडलेत." मग बाबांचा खोकला. मी मुंबईहून उपाय सुचवत होते: उदबत्ती लाव, कापूर ठेव, एसी ड्राय मोडवर टाक. सप्टेंबरात गणपतीला घरी गेले आणि दार उघडताच तो वास नाकात शिरला. ओल्या गोणपाटाचा, कुबट. रग उचलला तर खालच्या बाजूला पांढरी लव आणि फरशीवर रगाच्या जाळीची छापील नक्कल. पडद्यांच्या अस्तरावर खालपासून गुडघ्यापर्यंत काळे ठिपके. सोफ्याच्या कापडावर, पाठ टेकतो तिथे, पिवळट ढग. गणपतीच्या आरतीत बाबा दोन कडव्यांनंतर बाहेर बाल्कनीत जाऊन बसले.

डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारला होता, "घरात बुरशी कुठे आहे का?" आईने माझं नाव सांगितलं नाही, हे तिचे उपकार.

आता यातला सगळ्यात जिव्हारी लागलेला भाग. अख्ख्या हॉलमध्ये एकच वस्तू चकाचक होती. खणाच्या उशा! ना डाग, ना वास. मी खूश झाले. म्हटलं, बघा, परंपरेचं शहाणपण. मग सहज एक सुटा धागा काढून गॅसवर धरला. जळला नाही, वितळला. टोकाला काळा कडक मणी झाला. पॉलिएस्टर! कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण म्हणून मी जे घेतलं होतं, ते भलतंच निघालं. म्हणजे माझ्या सस्टेनेबल घरात पावसाळ्याला पुरून उरलं ते फक्त नकली कापड.

(ही धाग्याची टेस्ट तुम्हीही करा, फक्त सिंकजवळ उभं राहून आणि धागा चिमट्यात धरून. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. वितळून मणी झाला की समजायचं, आपल्याला गंडवलंय.)

गणपतीच्या पाचव्या दिवशी मी गावच्या घरी गेले. काकूने माळ्यावरची आजीची पत्र्याची पेटी उघडली, कारण मला आजीच्या नऊवारींची गोधडी हवी होती. गोधडीखाली घोंगडं होतं. काळं, राठ, जड. घडीत वेखंडाचे तुकडे आणि चुरा झालेला कडुनिंबाचा पाला. आजोबा शेतावर जाताना पावसात हेच डोक्यावरून खोळ करून घ्यायचे, हे मी ऐकून होते. किमान पन्नास वर्षांचं असेल. ना कुबट वास, ना ठिपका. धुराचा वास मात्र होता, जुन्या चुलीचा.

मी काकूला म्हटलं, "हे एवढं टिकलं कसं?"

काकू म्हणाली, "अगो, पावसाळ्यात घरात कापड ठेवतंय कोण?"

हे वाक्य मी मुंबईला येताना कोकणकन्येत बसून सारखं घोळवत होते. आणि मग आमचं जुनं घर डोळ्यांसमोर आणलं. जांभ्याच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, पडवी, ओटी, माजघर. त्यात कापड कुठे होतं? खिडक्यांना लाकडी झडपा, पडदे नाहीत. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला नारळाच्या झावळ्यांची झापं, तीही पावसापुरती. बसायला चटई, ती उठलं की गुंडाळून कोपऱ्यात उभी. अंथरुणं सकाळी गोळा. दारातलं पायपुसणं काथ्याचं. जे कापड होतं ते दांडीवर होतं, पेटीत होतं किंवा अंगावर होतं. जमिनीला चिकटलेलं, भिंतीला टेकलेलं, खिळ्यांनी ठोकलेलं असं एकही नाही. ऑक्टोबरचं ऊन पडलं की पेट्या अंगणात येणार, मे महिन्यात पुन्हा एकदा, मग जूनला झाकण बंद. आपण ज्याला 'मिनिमल' म्हणून पैसे मोजतो ना, ते हेच.

मी मात्र राजस्थानी हवेलीच्या आणि इंग्लंडमधल्या कंट्री हाऊसच्या फोटोंवरून रत्नागिरीचा फ्लॅट सजवला होता. कापड नॅचरल होतं, लावण्याची पद्धत नव्हती.

मग माझ्यातली कॉमर्स ग्रॅज्युएट जागी झाली आणि मी आकडे शोधायला बसले. कापडउद्योगात एक साधं माप असतं: प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, कोरडा धागा स्वतःच्या वजनाच्या किती टक्के बाष्प धरून ठेवतो. सुती साधारण साडेआठ. रेशीम अकरा. ताग पावणेचौदा. लोकर सोळाच्या आसपास. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. आणि ही झाली ६५ टक्क्यांची गोष्ट. जुलैतल्या रत्नागिरीत आर्द्रता नव्वदीच्या घरात फिरत असते, तेव्हा हे सगळे आकडे वर जातात. माझा तागाचा रग म्हणजे फरशीवर पसरलेला स्पंज होता, ज्याला खालून हवा नव्हती. ताग ओला राहिला की नुसता वास मारत नाही, कुजतो. पर्यावरणासाठी ताग उत्तम, यात वादच नाही. नागपूरला, पुण्याला खुशाल घाला. पण समुद्राकाठी जमिनीवर जूट रग ही आयडिया ज्याने पहिल्यांदा विकली त्याने एक पावसाळा आमच्याकडे काढावा.

सुती कापडाचं मात्र मला कौतुक वाटायला लागलं. सुती धागा ओला झाला की कमजोर होत नाही, उलट जास्त मजबूत होतो. म्हणून तर धोपटून धुतलं तरी टिकतं. मग माझा सुती सोफा का बिघडला? दोन कारणं. एक, तो धुवायला काढताच येत नव्हता. दोन, खळ. नवीन हातमागाच्या कापडाला खळ असते, म्हणजे पिठाची कांजी, आणि बुरशीला याहून आवडतं जेवण नाही. कापड आधी दोनदा भिजवून, धुवून खळ काढायला हवी होती. दुकानात त्या खळीमुळेच कापड कडक आणि भारी दिसतं, आणि आपण त्या कडकपणावर भाळतो. बेडरूमचे पडदे धुतल्यावर आटून थ्री-फोर्थ झाले ते वेगळंच. हातमागाचं सुती कापड शिवायच्या आधी भिजवून वाळवायचं असतं, हे आईला माहीत होतं. मी विचारलं नाही.

लोकरीचं गणित आणखी मजेशीर आहे. ती सगळ्यात जास्त बाष्प पिते, पण स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. शिवाय बुरशीला लोकर फारशी आवडत नाही. लोकरीचा शत्रू वेगळा: कसर. तिच्यासाठीच ते वेखंड.

त्या हिवाळ्यात एका लग्नाला सोलापूरला जायचं होतं, वाट वाकडी करून सांगोल्याकडे गेले. घोंगडी विणणारे सणगर त्या भागात अजून आहेत. घराच्या एका खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेले साठीचे काका, समोर माग. धोटा इकडून तिकडे जाताना येणारा तो खट्-खट् आवाज मी फक्त डॉक्युमेंटरीत ऐकला होता. त्यांच्या घरातल्या बायका लोकर पिंजून चरख्यावर सूत काढतात. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, ब्रशने सारखी करतात. रंग नाहीच. काळ्या मेंढीची काळी लोकर, मध्ये जरा तपकिरी-करडी झाक आली तर ती त्या मेंढीची. रंगच नाही, तर रंगाचं सांडपाणीही नाही.

मी माझा प्लॅन सांगितला. घोंगडं हॉलच्या भिंतीवर टांगणार, वर स्पॉटलाइट. काकांनी धोटा थांबवला.

"ताई, घोंगडं अंगाखाली पायजे. भिताडावर टांगलं का कसर लागली म्हणून समजा. रोज झटकलं, रोज अंथरलं, तर पोरंबाळं वापरतील तरी जाणार न्हाई."

हे खरंच आहे. कसरीला शांतता लागते. हलवाहलव झाली की ती टिकत नाही. स्पॉटलाइट कॅन्सल.

मग ते मेंढ्यांबद्दल बोलत राहिले. दख्खनी मेंढीची लोकर राठ, तिच्यातून स्वेटर होत नाही, मऊ शाल होत नाही. होतं ते घोंगडं, आणि घोंगडं आता घेतंय कोण? कापणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नाही, म्हणून कितीतरी कळपांची लोकर टाकून दिली जाते. मेंढपाळ मटणाला वजनदार भरणाऱ्या जाती पाळायला लागलेत. मला एक गोष्ट तिथे नव्याने कळली. हेच धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या भात कापलेल्या शेतांत मेंढ्या बसवतात. शेताला खत, मेंढ्यांना चारा, धनगरांना धान्य. म्हणजे आजोबांच्या घोंगडीतली लोकर कदाचित कोकणातला चारा खाऊनच वाढलेली. मी आपली तिला 'घाटावरची' म्हणत होते. (सुरेश एरियत यांची 'देसी ऊन' ही छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म मिळाली तर जरूर बघा. या मेंढीची गोष्ट त्यांनी तिच्याच लोकरीतून उभी केली आहे. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या अ‍ॅनेसीच्या महोत्सवात तिला ज्युरी पुरस्कार मिळाला.)

किंमत सांगितली २,८०० रुपये. आणि मी, जी मॉलमध्ये निमूटपणे कार्ड पुढे करते, ती म्हणाले, "पंचवीसशे करा ना काका." ते हसले, "करतो की," म्हणाले. त्यांच्या सुनेने आतून चहा आणला. चहा पिताना मला माझा जूट रग आठवला. साडेनऊ हजारांचा होता, एका पावसाळ्याचा सोबती. २,८०० दिले. हे सांगायचं नव्हतं खरं तर, पण सांगितलं नाही तर उगाच मी फार शहाणी ठरेन.

चौथी अखिल भारतीय हातमाग गणना २०१९-२० ची. विणकर आणि जोडकाम करणारे मिळून ३५ लाखांवर लोक, त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त बायका. विणकर कुटुंबांपैकी साधारण दोन तृतीयांश कुटुंबांची महिन्याची कमाई पाच हजारांच्या आत. आपल्याकडे एका वीकेंडचं बिल! दर ७ ऑगस्टला हातमाग दिन साजरा होतो, २०१५ पासून. तारीख घेतलीय ती १९०५ च्या स्वदेशी चळवळीवरून. महाराष्ट्रात त्या चळवळीचं नेतृत्व करणारे टिळक जन्मले ते आमच्या रत्नागिरीत. त्या गावात पॉलिएस्टरचा खण आणून मी तो स्वदेशी म्हणून मिरवला, हे टिळक आळीतल्या कुणाला सांगू नका.

लेबलांचंही जरा बघून घ्या, कारण 'हॅण्डलूम लुक' असं लिहिलेल्या कापडाला हातमागाने स्पर्शही केलेला नसतो. हातमाग म्हणजे हाताने विणलेलं, सूत गिरणीचं असू शकतं. खादी म्हणजे सूतही हाताने कातलेलं आणि कापडही हाताने विणलेलं. हातमागासाठी २००६ पासून हॅण्डलूम मार्क आहे, खादीसाठी खादी मार्क. आणि एक सोलापुरी चादरीबद्दल. ती आता बहुतेक यंत्रमागावर होते. म्हणून नाक मुरडू नका, शंभर टक्के सुती असली तर कोकणातल्या घरासाठी तिच्यासारखी वस्तू नाही. फक्त तिला हातमागाची म्हणून हातमागाचे पैसे देऊ नका.

तर, राऊंड टू. २०२५ चा एप्रिल. या वेळी नियम आईने घातला: जे एका बादलीत मावत नाही आणि पंख्याखाली एका रात्रीत वाळत नाही, ते पावसाळ्यात घरात राहणार नाही. माझ्या सगळ्या इन्टिरिअर मॅगझिन्सपेक्षा हे वाक्य कामाचं निघालं.

हॉलला आता पातळ सुती हातमागाचे पडदे आहेत, अस्तराशिवाय. हातमागाच्या कापडाचा पन्हा कमी असतो, त्यामुळे जोड देऊन एक मोठा पडदा करण्यापेक्षा सुटे सुटे चार पट्टे केले. एक भिजला तर एकच काढायचा. लांबी फरशीपासून चार बोटं वर, कारण फरशी पुसताना ओलं लागतंच. रॉड भिंतीपासून जरा पुढे घेतला, मागून हवा खेळते. सोफ्याचा फोम कारपेंटरकडून काढून घेतला. लाकडी सांगाडा तसाच, त्यावर कापसाच्या गाद्या आणि चेन लावलेल्या सुती खोळी, प्रत्येकी दोन. एक अंगावर, एक दांडीवर. रग नाही. काथ्याचं पायपुसणं दारात, कारण काथ्या ओलीला सहसा दाद देत नाही, तो नारळाच्या सोडणातून पाण्यात मुरवूनच निघालेला असतो. रॉ सिल्कचे पडदे आईने निर्दयपणे कापले. अस्तर फेकलं आणि चांगले तुकडे गोधडीच्या वरच्या थराला लावले. ती गोधडी बैठकीवर येते दिवाळीला, जाते मेमध्ये.

खणाच्या उशा? त्या आहेत. टाकून दिल्या असत्या तर कचऱ्यात पन्नास वर्षं तशाच पडून राहिल्या असत्या. धुताना त्यांच्यातून प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, म्हणून आई त्या फक्त झटकते.

आणि सांगोल्याचं घोंगडं बाबांच्या दिवाणावर. टोचतं म्हणून वर सोलापुरी चादर. ते अंथरण्याआधी एकदा धुवून घ्यावं, खळ निघेल, असं ठरवलं. मशीनमध्ये घालायचं नाही, लोकर आखडते. थंड पाणी, रिठ्याचा फेस, पिळायचं नाही, नुसतं निथळू द्यायचं. मे महिन्याचं तिसरं आठवडं, ऊन असं की गच्चीवर अनवाणी उभं राहता येईना. दोन दिवसांत कडकडीत वाळलं असतं.

२०२५ चा मे आठवतोय ना? वीस तारखेच्या आसपास कोकणात पावसाला जी सुरुवात झाली ती थांबलीच नाही, आणि २६ मेला तर मान्सून मुंबईत पोचलाही. आमचं घोंगडं गच्चीवर. मी आणि आई धावत वर गेलो तर ते दोरीसकट खाली आलेलं. पाणी प्यालेलं घोंगडं उचलून बघा कधी. आम्ही दोघींनी ते एखाद्या बेशुद्ध पाहुण्यासारखं दोन बाजूंनी धरून जिन्याने खाली आणलं, सगळ्या बिल्डिंगच्या देखत. तिसऱ्या मजल्यावरच्या काका म्हणाले, "काय, भिजत घोंगडं का?" अख्खं आयुष्य ते या चान्सची वाट बघत असावेत.

चार दिवस लागले. हॉलमध्ये दोन खुर्च्यांवर पसरून, फुल्ल पंखा, दर दोन तासांनी उलटंपालटं. लाइट गेली की आई पुठ्ठ्याने वारा घालायची आणि माझ्याकडे बघायची. घरभर ओल्या मेंढीचा वास. मी मनातून ते घोंगडं गेलंच समजले होते. पाचव्या दिवशी सकाळी हात लावला तर कोरडं, आणि आधीपेक्षा मऊ. एक ठिपका नाही. पूर्वीच्या लोकांनी रखडलेल्या कामाला नेमकं घोंगडंच का निवडलं, ते मला आता कोणी समजावून सांगायला नको.

बाबांचं विचाराल तर दमा घोंगड्याने जात नाही. पंप आहे, गोळ्या आहेत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून हॉलच्या स्लायडिंग खिडक्यांपैकी एक काढून तिथे लाकडी झडपांची खिडकी बसवली, तिचाही वाटा असणार. पण ऑगस्टअखेरीला गणपतीत त्यांनी सगळ्या आरत्या उभं राहून म्हटल्या, मंत्रपुष्पांजलीसकट, आणि माझ्याकडे बघून एक भुवई उडवली.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या दोघींना घोंगडं हवं म्हणून मी सांगोल्याला फोन लावला. काका म्हणाले, लोकर नाही. पुढच्या कातरणीची आली की करतो, पण ज्यांच्याकडून घेतो त्यातल्या एकाने कळप विकला. "थांबायला लागंल ताई." मी म्हटलं, थांबू. पैसे आधी पाठवते म्हटलं, तर ते म्हणाले, लोकर हातात येऊ दे, मग बघू.